सुगंधाचा उपचार



देवपूजेतले सोळा उपचार आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक असतात. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असे करत करत आपण गंध, पुष्प आणि धूप यांच्यापर्यंत येतो. सोळांपैकी हे तीन सुगंधाचे उपचार. आणि गंमत पाहा, डॉक्टर आजाऱ्यासाठी जे करतात त्यालाही आपण उपचारच म्हणतो. एकच शब्द देव्हाऱ्यापुढे चालतो आणि दवाखान्यातही चालतो. 'उप' म्हणजे जवळ, 'चर' म्हणजे जाणे, वागणे. जवळ जाऊन, समोरच्याला काय हवे ते पाहून केलेली सेवा म्हणजे उपचार. मग समोर मूर्ती असो की तापाने फणफणलेले मूल.

हा शब्द आज मुद्दाम काढला, कारण सत्संगानंतरच्या शंकासमाधानात हल्ली एक विषय वारंवार येतो. घरोघरी सुगंधी तेलांच्या छोट्या छोट्या बाटल्या आल्या आहेत. लॅव्हेंडर, टी ट्री, निलगिरी, पुदिना, गवती चहा, गुलाब. 'इसेन्शियल ऑइल' या नावाने ती दुकानात मिळतात. कुणी डिफ्यूजरमध्ये चार थेंब घालून ध्यानाला बसते, कुणी उशीच्या अभ्र्याला लावते, कुणी डोके दुखले की कपाळाला चोळते. साधक विचारतात: याने मन खरोखर शांत होते का? ध्यानासाठी वापरावे का? आणि मुलाला दमा आहे, तर औषधाऐवजी हे चालेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. चालणार नाही. दम्याचा पंप, फिटची गोळी, रक्तदाबाचे औषध यांतले काहीही तेलाच्या भरवशावर बंद करू नये. दम्याच्या माणसाला उग्र वास उलट त्रास देतो. निसर्गाने दिलेले आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे, असे आपले दर्शन कुठेही सांगत नाही. धोत्राही निसर्गानेच दिला आहे.

पृथ्वीचा गुण

आता मूळ गोष्टीकडे येऊ. पंचमहाभूतांचा विचार करताना आपल्या शास्त्रांनी प्रत्येक भूताला एक विशेष गुण दिला. आकाशाला शब्द, वायूला स्पर्श, तेजाला रूप, जलाला रस आणि पृथ्वीला गंध. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत आपण कुठे कुठे आहोत हे सांगतात, तेव्हा पृथ्वीतला पवित्र गंध आपणच आहोत असे म्हणतात. हे वाचून आपण पुढे जातो. कनौजचे अत्तरवाले मात्र तिथे थांबतात.

उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये पिढ्यान् पिढ्या अत्तरे गाळली जातात. तांब्याची मोठी देग, तिच्या तोंडाला मातीने लिंपलेले झाकण, तिथून निघालेली बांबूची नळी आणि पाण्यात ठेवलेला भपका, असे ते साधन. देगेत फुले आणि पाणी घालून खालून जाळ लावतात. वाफ नळीतून भपक्यात उतरते आणि तिथे आधीच ठेवलेल्या चंदनाच्या तेलात तिचा सुगंध मुरतो. तिथल्या एका अत्तरासाठी देगेत फुले घालतच नाहीत, भाजलेली माती घालतात. त्याला मिट्टी अत्तर म्हणतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या जमिनीतून जो वास उठतो, तोच त्या कुपीत असतो. सातव्या अध्यायातल्या त्या वचनावर इतके थोडक्यात केलेले दुसरे भाष्य माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडेही हा वारसा आहे. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्ये कशी मिसळावीत यावर स्वतंत्र अध्याय आहे. खानदेशात रोशा गवताचे तेल काढले जाई आणि मुंबईच्या बंदरातून ते पश्चिमेकडे जात असे. पुढे तुर्कस्तानकडे पोहोचल्यावर ते गुलाबाच्या तेलात भेसळ म्हणून वापरले जाई, हेही नोंदवलेले आहे. तेव्हा या धंद्यात खऱ्याखोट्याची सरमिसळ आजची नाही. याचे कारणही समजण्यासारखे आहे. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. शंभर-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या 'शुद्ध गुलाब' बाटलीत काय असेल, याचा हिशेब साधकाने स्वतःच करावा. ज्या बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उत्पादकाचा पत्ता आणि तारीख नाही, ती घेऊ नये. 'फ्रॅग्रन्स ऑइल' असे लिहिले असेल तर तो बहुधा कृत्रिम सुवास असतो.

निलगिरीचे झाड तर मूळचे आपले नाहीच. ते ऑस्ट्रेलियातून आले, एकोणिसाव्या शतकात निलगिरी पर्वतावर त्याची लागवड झाली आणि आपण झाडालाच पर्वताचे नाव दिले.

मन शांत होते का?

होते, काही प्रमाणात. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूत थॅलॅमस नावाच्या एका ठाण्यातून पुढे जातात. वासाचे संदेश त्या ठाण्यावर न थांबता, भावना आणि आठवणी जिथे राहतात त्या भागांपर्यंत लगेच पोहोचतात. म्हणूनच दवण्याचा वास आला की जोतिबाची चैत्रयात्रा केलेला माणूस क्षणात डोंगरावर पोहोचतो, आणि वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारले की आजोळची दुपार आठवते. विचार मागून येतो, वास आधी पोहोचलेला असतो. लॅव्हेंडरसारख्या तेलाच्या वासाने चिंता थोडी हलकी होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. हे अभ्यास बहुतेक लहान आहेत, आणि परिणामही मर्यादित आहे. इतकेच मानावे. नैराश्य, झोप उडणे, सततची भीती यांसाठी डॉक्टरांकडे जायला संकोच करू नये.

ध्यानाचे म्हणाल, तर पतंजलींच्या योगसूत्रांत मन स्थिर करण्याचे जे अनेक मार्ग आहेत त्यांत इंद्रियांच्या सूक्ष्म अनुभवावर मन ठेवण्याचाही मार्ग आहे. भाष्यकार व्यास तिथे नासिकाग्रावर धारणा केल्याने येणाऱ्या दिव्य गंधाचा उल्लेख करतात. म्हणजे गंध हे ध्यानाचे दार होऊ शकते, हे परंपरेला मान्य आहे. पण त्याच ग्रंथात पुढे दिव्य गंधादी सिद्धींना समाधीच्या मार्गातले विघ्नही म्हटले आहे. दारातच बसून राहणाऱ्याला घरात जाता येत नाही. आपल्यातले काही साधक प्रवासात बाटली विसरली म्हणून दोन दिवस बैठकच चुकवतात. अशा वेळी तेल साधन राहिले नाही, मालक झाले. जे ध्यान तेलाशिवाय बसत नाही, त्यातून तेल काही आठवडे बाजूला ठेवून पाहावे.

इथे नाकाचा एक स्वभाव जाणून घेतला पाहिजे. एकच वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात नाक त्याची दखल घेणे सोडते. आपल्याला वाटते, सुगंध संपला. मग आणखी चार थेंब, पुन्हा चार थेंब. खोलीतले तेल वाढतच असते, फक्त आपल्याला कळत नसते. बाहेरून आलेला पाहुणा दारातच नाकाला रुमाल लावतो, तेव्हा कळते. वासनेचे सगळे गणित या एका उदाहरणात दिसते. म्हणून मात्रा नाकावर सोडू नये, घड्याळावर सोडावी. मध्यम खोलीला तीन ते पाच थेंब, पंधरा ते तीस मिनिटे, खिडकी थोडी उघडी. मग बंद.

घरातला सगळ्यात नाजूक श्वास

आता सगळ्यात महत्त्वाचे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात एक दृष्टांत आहे. वारा जसा फुलांपासून गंध उचलून नेतो, तसा जीव एका देहातून दुसऱ्या देहात जाताना इंद्रिये आणि मन बरोबर नेतो. दृष्टांत जिवाचा आहे, पण वाऱ्याविषयी त्यात जे गृहीत धरले आहे ते आपल्या घरालाही लागू आहे. वारा गंध घेऊन कुणाकडे जायचे ते आपल्याला विचारत नाही. मी माझ्या ध्यानासाठी तेल लावतो आणि ते शेजारच्या खोलीतल्या पाळण्यापर्यंत पोहोचते. गोड पदार्थ नको असेल तर माणूस ताट बाजूला सारू शकतो. श्वास बाजूला सारता येत नाही.

म्हणून घरात सुगंध पसरवणे ही माझी एकट्याची गोष्ट उरत नाही, तो अहिंसेचा विषय होतो. आणि त्याची मात्रा ठरवायची ती मला काय आवडते यावरून ठरवायची नाही, घरातल्या सगळ्यात नाजूक श्वासावरून ठरवायची.

तो श्वास कुणाचा? घरात तान्हे बाळ असेल तर त्याचा. सर्दी झाली की बाळाच्या छातीला कापराचे तेल चोळणे, कापराची पुरचुंडी अंगड्याला बांधणे, नाकाखाली बाम लावणे हे आपल्याकडे मायेने केले जाते. ही माया थांबवावी लागेल. कापूर, मेंथॉल आणि निलगिरी ही द्रव्ये तान्ह्या मुलांच्या श्वासावर विपरीत परिणाम करू शकतात. दोन वर्षांखालच्या मुलांना ती अजिबात लावू नयेत, मोठ्या मुलांच्या नाकातोंडाजवळही नेऊ नयेत. पोटात गेलेले कापराचे तेल एका चमच्याइतके असले तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. काही मिनिटांत झटके येतात. भीमसेनी असो की साधा, बाळाच्या बाबतीत सावधगिरी तीच. पूजेचा कापूरही हल्ली बहुतेक टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो. आरतीची वडी आरतीपुरती ठीक आहे, पण तान्हे बाळ असलेल्या घरात विजेच्या कापूरदाणीत रात्रभर कापूर तापवत ठेवणे थांबवावे.

ज्यांना फिट येतात, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कापूर व निलगिरीपासून विशेष जपावे. दक्षिण भारतातल्या रुग्णालयांत मेंदूविकारतज्ज्ञांनी या तेलांचा आणि झटक्यांचा संबंध तपासला आहे. त्यांत नुसत्या लावण्याने किंवा हुंगण्यानेही झटका आलेले मोठ्या वयाचे रुग्ण होते. गर्भवती भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणतेही तेल अंगाला लावू नये. घरात मांजर असेल तर तिचाही विचार करावा. मांजराचे यकृत अशी काही द्रव्ये आपल्यासारखी निचरून टाकू शकत नाही, आणि अंगावर पडलेले चाटून साफ करण्याची तिला सवय असते. टी ट्री तेल तिच्यासाठी विषच आहे. ती खोलीबाहेर जाऊ शकेल इतके दार उघडे ठेवावे.

वाफ घेतानाचे एक. तेल नसले तरी वाफ वाफच असते. सर्दीत आराम पडतो तो पुष्कळसा तिच्या ओलाव्याने. लहान मुलाला उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकवणे धोक्याचे आहे. भांडे कलंडून भाजण्याचे प्रकार घडतात.

आणि अजून एक नाजूक श्वास असतो, जो कोणत्याही वैद्यकीय यादीत सापडत नाही. बऱ्याच घरांत वासाची तक्रार ज्याचा आवाज लहान तोच करत नाही. सासूबाईंच्या पूजेतला उग्र धूप, सासऱ्यांच्या खोलीतली उदबत्ती, दिराचा नवा डिफ्यूजर. सुनेचे डोके रोज संध्याकाळी ठणकते. तिला अर्धशिशी आहे. पण देवाच्या वासाने डोके दुखते असे म्हणायचे कसे? ती गप्प राहते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. कधी हेच उलट असते. सून योगवर्गातून शिकून लॅव्हेंडर लावते आणि आजेसासऱ्यांना रात्रभर खोकला येतो, पण नातसुनेचा हिरमोड नको म्हणून ते बोलत नाहीत. साधकाने आज घरी जाऊन एवढेच करावे. प्रत्येकाला वेगवेगळे, एकटे गाठून विचारावे, "या वासाचा तुम्हाला त्रास होतो का?" आणि "नाही हो" हे उत्तर लगेच खरे मानू नये. चार दिवस तेल बंद ठेवून कोण बरे दिसते ते पाहावे.

देवाला वाहायचे फूल आपण आधी हुंगत नाही. सुगंध आधी त्याचा, मग आपला, हा त्यामागचा भाव. देव मूर्तीत आहे तसा घरातल्या माणसांतही आहे असे आपण रोज म्हणतो. मग त्या सुनेचा, त्या आजोबांचा क्रम आपल्या आधी लागायला हवा.

वापरायचेच असेल तर

अंगाला लावताना तेल कधीही नुसते लावू नये. ही तेले फार तीव्र असतात. तीस मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सहा ते बारा थेंब पुरेसे होतात, चेहऱ्यासाठी त्याहून कमी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस थांबावे. लालसर झाले तर तिथेच विषय संपवावा. लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते, हे फारसे कुणाला माहीत नसते. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकले तर ते पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगतात आणि नेमके अंगावर येतात. पोटात घेण्याचे प्रयोग समाजमाध्यमांवर पाहून करू नयेत. दातदुखीवर लवंगतेलाचा बोळा आपल्या आज्याही लावत, पण तो दंतवैद्याकडे जाईपर्यंतचा. हिरडीवर फार वेळ ठेवला तर हिरडी पोळते.

बाटली गडद काचेची, बूच घट्ट, जागा थंड आणि मुलांच्या हाताला न लागणारी. देव्हाऱ्याचा खालचा खण त्यासाठी चुकीचा आहे, रांगणारे मूल पहिले तिथेच पोहोचते. जुने झालेले, वास बदललेले तेल अंगाला लावू नये, त्याने पुरळ येते. चुकून कुणाच्या पोटात गेले तर ओकारी काढू नये. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

ज्यांना वास येतच नाही

शेवटी एका वेगळ्या उपयोगाविषयी. कोविडनंतर अनेकांचा वास गेला, काहींचा अजून पूर्ण परतलेला नाही. वयोमानानेही तो मंदावतो. ज्यांचा जात नाही त्यांना हे दुःख कळत नाही. दूध करपलेले समजत नाही, गॅस गळतोय हे समजत नाही, जेवण बेचव होते. आणि देवापुढे उदबत्ती लावली तरी ती नुसती धुराची रेघ राहते. एका वृद्ध साधिका विचारत होत्या, "मला मोगऱ्याचा वास येत नाही, मग मी तो देवाला का वाहावा?"

जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका साध्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार वास निवडायचे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक वास सुमारे दहा सेकंद घ्यायचा. बारा आठवडे. या सरावाने काही रुग्णांची वासाची संवेदना सुधारलेली दिसली. सगळ्यांची सुधारली नाही. कोविडनंतर जगभर हा सराव सुचवला गेला. करण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून वास कशाने गेला ते पाहून घ्यावे. दमा किंवा फिटचा त्रास असेल तर त्यांना विचारूनच सुरू करावे.

घरी करायचे तर चार छोट्या काचेच्या बरण्या घ्याव्यात. प्रत्येकीत जाड कागदाचा तुकडा ठेवून त्यावर एकेका तेलाचे काही थेंब टाकावेत आणि बाहेर ठळक नाव लिहावे. बरणी नाकाला टेकवायची नाही, खोल ओढायचे नाही, हलकेच हुंगायचे. हुंगताना त्या वस्तूची आठवण करायची. गुलाब म्हणताना गुलाब, लवंग म्हणताना मसालेभाताचे पातेले. पतंजली अभ्यासाची जी लक्षणे सांगतात ती इथे जशीच्या तशी लागतात: दीर्घ काळ, खंड न पाडता, आदराने. बहुतेकांना पहिले कितीतरी दिवस काहीच जाणवत नाही. ज्यांनी जप केला आहे त्यांना हा अनुभव नवा नाही.

त्या साधिकांनी सकाळच्या आणि सायंकाळच्या जपाआधी हा सराव ठेवला आहे. नात बरण्या पुढे करते आणि घड्याळ बघते. मोगरा त्या अजूनही वाहतात. नातीला हुंगायला न देता त्या फूल देवाला घालतात, आणि मग तिला विचारतात, "आज कसा आहे गं वास?" ती सांगते. तेवढ्यात दहा सेकंद होतात. वास आलेला नसतो. पुढची बरणी लवंगेची.